चौथ्या मजल्यासाठी प्रार्थना

फिलिप जिन्यावरून पडलेला नव्हता. जिन्याला बूट नसतात, आणि त्याच्या पाठीवर बुटाचा ठसा होता. नर्सला एवढं कळतं.

१९८४ साल. आखातातल्या हूरा वस्तीतल्या एका हॉटेलात तो वेटर होता, आमच्या वसईचाच. काही पाहुण्यांना पुरुष हवा असायचा. मग सुपरवायझर पॉल त्याला चौथ्या मजल्यावर पाठवायचा. नाही म्हणायची सोय नव्हती, पासपोर्ट पॉलच्याच कपाटात. तीन वर्षं मी ह्या पोराच्या शेजारी चर्चात मिस्सेला बसत होते आणि त्या दिवशी त्याने सांगेपर्यंत मला पत्ता नव्हता. लाज वाटली मला.

आमच्या क्लिनिकचा नियम असा, की मारहाण असेल तर आधी पोलिसांचा कागद, कामावरचा अपघात असेल तर हॉटेलची सही, मगच उपचार.

"पोलीस नको, रेजिनाबाय," तो कण्हत म्हणाला. "मारणारा पाहुणा घरी जाईल, मी जेलात."

खोटं नव्हतं. मी पॉलला फोन केला.

"असल्या मुलाशी हॉटेलचा काही संबंध नाही," तो म्हणाला.

असल्या! चोर तो चोर, वर शिरजोर. फिलिपला बाकावर झोपवून मी घरी आले.

ऑक्टोबरात आम्ही वसईकर दर शुक्रवारी कोणाच्या तरी घरी रोझरी म्हणतो. आधी प्रत्येकाने आपला हेतू सांगायचा, म्हणजे प्रार्थना कोणासाठी ते. त्या दुपारी पाळी माझ्या घराची होती आणि प्रार्थना सांगणारा नेहमीप्रमाणे पॉल. कोणी आईच्या गुडघ्यासाठी सांगितलं, कोणी लेकीच्या परीक्षेसाठी.

"फिलिपच्या मोडलेल्या बरगड्यांसाठी," मी म्हणाले. "आणि मार बसला त्या खोलीत त्याला ज्याने पाठवलं, त्याच्यासाठी. नाव आत्ता सांगू की रोझरी झाल्यावर, पॉल?"

मी क्लिनिकचा अपघाताचा कागद पुढे केला, पॉलने सही केली. मग त्याने खणखणीत आवाजात 'नमो मारिया' सुरू केलं. मला सगळ्यात जास्त संताप त्या आवाजाचा आला.

पुढच्या शुक्रवारी रोझरी पॉलच्या घरी होती. फिलिप छातीला पट्टे बांधून माझ्याबरोबर आला. त्याला बसायला कोणी सरकलं नाही. हेतू सांगायची वेळ आली तेव्हा तो उभाच होता.

"ह्या आठवड्यात माझ्या जागी चौथ्या मजल्यावर ज्याला पाठवलं," तो म्हणाला, "त्याच्यासाठी."

पॉलची बायको ब्रिजिट हातातला ट्रे घेऊन नवऱ्याकडे बघत राहिली. पॉल माळेचे मणी नुसतेच सरकवत राहिला. शेवटी 'नमो मारिया' मीच सुरू केलं.