आक्काच्या हातावरचं लाल पाणी

हुपरीच्या समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. सयाजीच्या पोराला आठवडाभर ताप होता. पण ताप राहिला बाजूला, करणी कुणी केली ते डोंगरीबाबा दाखवणार म्हणून अख्खी गल्ली लोटली होती.

बाबा एकेका बाईच्या तळहाताला भस्म लावून वर तीर्थ ओतत होते. कुणाला काही झालं नाही. विधवा आक्काच्या हातावर मात्र लालभडक ओघळ आले.

"ओम फट! ब्रह्मांड हाललं! हीच पोराला खातीया!" बाबा गरजले. "उद्या दिवस मावळायच्या आत हिला गल्लीतनं काढा!"

आक्काची बारावीतली पुतणी संयोगिता संतापानं पेटली. हा रंग तिनं परवाच रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बघितला होता. शिवाय आक्काच्या वेळी या लबाडानं भस्माची दुसरी पिशवी उघडली होती.

"बाबा, घर शुद्ध करायला जरा तीर्थ द्या की," ती म्हणाली. बाबांनी खुशीत बाटली भरून दिली.

दुसऱ्या दिवशी तिच्या रसायनशास्त्राच्या शमशाद मॅडमनी गल्लीला शाळेच्या प्रयोगशाळेत बोलावलं. बाबाही आले, म्हणे विज्ञानाचा उद्धार करायला!

संयोगितानं फ्लास्कमधल्या ॲसिडात बाबांचंच तीर्थ घातलं. रंग बदलला नाही. वरच्या ब्युरेटमध्ये, म्हणजे तोटीच्या उभ्या काचनळीत, कॉस्टिक सोडा होता. एका हातानं तोटी सोडत, दुसऱ्यानं फ्लास्क हलवत ती थेंब मोजू लागली. थेंब पडला की गुलाबी रंग चमकायचा आणि विरायचा. चुकलं तर आक्का बेघर होणार होती.

आणखी एक थेंब पडला आणि फ्लास्कभर गुलाबी झालं.

"आगं बया, काचंला करणी लागली!" एक बाई ओरडली.

"थांबा, उतरवते." संयोगितानं थोडं ॲसिड टाकलं. रंग गायब! बायका खो खो हसल्या.

"तीर्थात फिनॉल्फ्थॅलीन नावाचं रसायन आहे," मॅडम म्हणाल्या. "चुना, सोडा भेटला की ते गुलाबी-लाल होतं. दुसऱ्या पिशवीत चुना असणार."

"शाप लागंल!" बाबा किंचाळले.

"लागू दे!" आक्का उठली. रडून डोळे सुजले होते, आवाज मात्र खणखणीत. "लाव तेच भस्म सोताच्या हाताला!"

बाबांनी हात शालीत लपवले. सयाजीनंच मनगट धरलं, बाबांच्या झोळीतल्या दुसऱ्या पिशवीतलं भस्म चोळलं, बाटलीतलं तीर्थ ओतलं. बाबांचा हात लालेलाल! कुणी काही बोलायच्या आत ते दाराकडं पळाले.

सयाजी मान खाली घालून उभा राहिला.

"माझा हात बघत बसलास, पोराचं रक्त कधी तपासणार?" आक्का कडाडली. "उचल त्याला, दवाखान्यात चल, मी बी येते. आणि समद्यांनी ऐका, हितनं पुढं कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी इचारा, त्यात काय मिसळलंय!"