पिवळ्या अंगरख्याचा स्वार

मित्रांनो, मी एक जुना लाकडी घोडेस्वार आहे. घोड्यासकट मोजलेत तरी तुमच्या करंगळीएवढाच भरेन, पण एके काळी माझा तोरा मोठ्या सरदाराला लाजवील असा होता. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापुरातल्या मीरासाब नावाच्या कारागिराने मला कोडोली गावच्या बांधावरच्या पांगाऱ्याच्या लाकडातून कोरून काढले.

त्या वेळी हंबीरराव नावाचे एक हौशी इनामदार होते. घोड्यावरून पडून त्यांचा पाय अधू झाला आणि शिकार सुटली. मग त्यांनी मेजावर मांडायचा एक खेळ मनाने रचला. मधोमध मातीचा आणि कागदाच्या लगद्याचा पन्हाळा, त्याला तट, दरवाजे, झाडी. खाली वेढा घालणारी फौज आणि वर किल्ला राखणारी. कवड्या टाकायच्या आणि पडेल त्या दानाप्रमाणे आम्हाला सरकवायचे. दसऱ्याला पाहुण्यांसमोर हा डाव मांडायचा, असे त्यांनी मीरासाबला बजावले होते.

कोरायचे काम मीरासाबचे आणि रंगवायचे त्याच्या बायकोचे, खैरुनबीचे. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला घेऊन ती आमच्या मिशा, लगाम, अंगरख्याचे काठ काढी. या कामात तिचा हात धरणारे गावात कुणी नव्हते. कुंचल्याचे टोक पसरले की ती ते ओठांत धरून ओढून घेई आणि टोक पुन्हा सुईसारखे होई. ही सवय तिच्या अंगात इतकी मुरली होती की तिचे तिलाही कळत नसे.

पिवळा रंग मात्र हरताळ नावाच्या खनिजाचा. हरताळ दिसायला उजळ, पण पोटात गेला तर जहर. म्हणून त्या घरात एक जुनी रीत होती. पिवळ्याचे काम निघाले की कुंचला सारखा कडुलिंबाच्या पाल्याच्या रसात बुडवत राहायचे. चुकून ओठांना लागलाच, तर माणूस कडूपणाने लगेच थुंकून टाकतो.

नमुन्याचे पिवळे स्वार घेऊन मीरासाब हंबीररावांकडे गेला. त्यांनी ते उजेडात धरले आणि तोंड वाकडे केले.

"मीरासाब, ह्यो पिवळा न्हवं. हिरवट मारतोय की, शेवाळ धरल्यागत."

"लिंबाच्या पाल्याचा रस उतरतोय, सरकार."

"मग नगं घालू रस. मला झेंडूगत पिवळा पायजे."

मोठ्या माणसापुढे जास्त काय बोलायचे, म्हणून मीरासाब "जी" म्हणून परत आला. घरी येऊन त्याने रसाची वाटी परसात ओतली.

"खैरुन, आता रसाबिगर कर. पर कुंचला तोंडात घालू नगंस."

"मी काय ल्हान पोर हाय व्हय?" ती हसून म्हणाली.

मी फळीवर उभा राहून पाहत होतो. पहिल्याच काठाला तिने कुंचला ओठांत धरला. मला तोंड कोरलेले होते, पण त्यातून शब्द निघत नव्हता. त्या वेळची माझी तडफड मी कुणाला सांगू?

पुढे खैरुनबीच्या पोटात कळा येऊ लागल्या. अन्न ठरेना, तळहात खरखरीत झाले. शेजारणी म्हणाल्या, नजर लागली. वैद्याने पुड्या दिल्या. दसरा तोंडावर आलेला, म्हणून ती भिंतीला टेकून रंगवतच राहिली, आणि तिला श्रम नकोत म्हणून मीरासाब स्वतः पिवळा घोटून तिच्या हाताशी ठेवी. हे मी पाहत असे आणि आतल्या आत जळत असे.

एका दुपारी तो तिच्यासाठी पेज घेऊन आला. मी तिच्या मुठीत होतो आणि माझा काठ अर्धा झाला होता. तिच्या ओठाच्या कोपऱ्याला पिवळे दिसले, तशी त्याने पेज खाली ठेवली.

"खैरुन, तोंडात घालतीस?"

"मला कळतच न्हाय वो. हात आपसूक जातोय."

त्याने कुंचला काढून घेतला. दूध पाजले, तूप पाजले, पण ते सगळे वरातीमागून घोडे. दसऱ्याआधीच खैरुनबी गेली.

दसऱ्याला डाव मांडला गेला. पाहुण्यांनी आमच्या पिवळ्या रंगाची तोंड भरून स्तुती केली. मला त्या रंगाची शिसारी आली होती. मीरासाबने माझा काठ पुरा केला नाही आणि हंबीररावांनीही मला तसाच तटाच्या आडोशाला उभा केला. पावसाळा सरला की मीरासाब पन्हाळ्याची डागडुजी करायला येई. जाताना मला हातात घेऊन ती अर्धी रेघ बघे आणि मुकाट्याने परत ठेवी.

अशी काही वर्षे गेली. एके दिवशी तो तट लिंपत असताना हंबीररावांच्या रांगत्या नातीने मला उचलले आणि सरळ तोंडात घातले. मीरासाबने झडप घालून मला ओढून काढले, पोरीचे तोंड खळखळून धुतले. हंबीरराव संतापले. तेव्हा कुठे त्याने त्यांना सगळे सांगितले.

"जाळून टाकू ही सगळी," हंबीरराव म्हणाले.

"जाळू नगा. धूर बी वाईट."

मग ओसरीवर बसून, पाणी लावून लावून, तो एकेक पिवळा स्वार खरवडू लागला. मी शेवटी उरलो.

"तेवढा एक ऱ्हाऊ दे तुझ्याजवळ," हंबीरराव म्हणाले.

"कुणाच्या तरी पोराच्या हाताला लागंलच की, सरकार."

त्याने मला उलटे धरले. जिथे तिचा कुंचला थांबला होता, तिथून त्याने पाते लावले आणि तिची रेघ मागे मागे पुसत नेली.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, असे माझे भाऊबंद तुम्हाला सांगत असतील. मी तसे सांगणार नाही. वस्तू मोडली तर दुसरी करता येते. पण एखाद्याच्या कामातली रीत मोडायला सांगण्याआधी ती कशासाठी आहे, एवढे विचारा. आणि तुम्हाला ठाऊक असेल तर भीड न धरता सांगा. नमुने उजेडात धरले त्या दिवशी ते दोघे समोरासमोर उभे होते. एकाने विचारले नाही, दुसऱ्याने सांगितले नाही, आणि खैरुनबी गेली.