अर्धा चषक

शिडीने टीव्हीवरचा चषक उचलला आणि बुटांच्या पिशवीत कोंबला.

“अगं, त्याला कुठे फिरायला नेतेस?” आईने विचारले.

“परत खेळायचंय ना. हरलो तर तिथेच ठेवून येणार.”

उंचीमुळे घरीदारी तिचे नाव शिडी पडले होते. मुलींच्या बास्केटबॉल संघाची ती कप्तान. महिन्यापूर्वी त्यांनी अजिंक्यपद जिंकले आणि तेव्हापासून पोरीच्या तोंडची चवच गेली. पाहुणा संघ अंतिम सामन्याला दोन तास उशिरा पोचला होता. बसमधून उतरल्या त्या थेट कोर्टावर. दोघी ओकून ओकून पांढऱ्या पडलेल्या. नियम म्हणजे नियम, पंचांनी शिट्टी वाजवली. शिडीच्या संघाने सामना सहज मारला, पण लोकांनी त्याला ‘अर्धा चषक’ म्हणायला सुरुवात केली. शेवटी शिडीनेच फोन करून त्यांना म्हटले, पुन्हा खेळू, तुमच्या कोर्टावर.

त्या दिवशी पाहुण्यांची भाड्याची बस तिच्या बाबांनी चालवली होती. हमरस्त्यावर दरड कोसळली म्हणून खाणीच्या लांबच्या, वळणावळणाच्या रस्त्याने आणले, असे त्यांनी सांगितले. आयुष्यभर नाकासमोर गाडी चालवलेला माणूस. कोणाला शंका यायचे कारण नव्हते.

“जिंकलं ते जिंकलं,” बाबा चहाचा कप फिरवत म्हणाले. “लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?”

चहा तसाच होता. वर साय धरली होती.

बाहेर हॉर्न वाजला. पाहुण्या संघाने स्वतःची बस पाठवली होती. शिडीच्या संघातल्या मुली आधीच आत बसल्या होत्या. पुढच्या दारातून त्या संघाच्या प्रशिक्षक मॅडम उतरल्या, ठेंगण्या, हळू बोलणाऱ्या.

“बरे आहात ना, दादा?”

“या ना मॅडम, चहा घ्या.”

“नको, उशीर होईल. उशिराची आम्हाला आता धास्तीच बसलीय.” त्या हसल्या. “एक विचारायचं होतं. त्या दिवशी रात्री आम्ही दुसऱ्या गाडीनं हमरस्त्यानंच परत गेलो. पडलेला एक दगडही दिसला नाही. इतक्या लवकर रस्ता कोणी साफ केला हो?”

बाबांनी खांद्यावरच्या पंच्याने मान पुसली. मान कोरडी होती.

“असेल... यंत्रं लावली असतील.”

“असेल,” मॅडम म्हणाल्या.

शिडी बसच्या पायरीवर थांबली होती. तिने बाबांकडे पाहिले. लहानपणी घरातला पेला कोणी फोडला हे विचारताना ते तिच्याकडे बघत, अगदी तसे.

“मॅडम, आम्हाला खाणीच्या रस्त्यानं न्याल का?”

“शिडे, काहीतरीच काय!” बाबा पुढे झाले. “तिथला पूल खचलाय. त्या दिवशी नुसता हादरत होता तो, पोरींना उतरवून चालत नेलं मी. आता खाणीचे ट्रकसुद्धा त्याच्यावर चढत नाहीत.”

“त्या दिवशीही होताच ना तो पूल, बाबा?”

आतल्या मुली खिडक्यांशी सरकल्या. आई उंबऱ्यात आली, हात ओलेच.

बाबा एकदम बोलून गेले. “दरड पडलीच नव्हती. मी मुद्दाम नेलं तिकडून. तू जिंकावंस म्हणून. बास? आता उतर खाली.”

“माहीत आहे,” शिडी म्हणाली. “म्हणूनच चाललेय.”

“मग गाडी मी चालवतो. मला माहितेय कुठे...”

“नको दादा,” मॅडम हळूच म्हणाल्या. “तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ चालवलीत. पुलाशी आमच्या मुली उतरून चालल्या होत्या. ह्याही चालतील. कप्तान म्हणेल तसं.”

शिडी आत गेली आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, पिशवी मांडीत घेऊन बसली. काचेतून तिने वळून पाहिले नाही. दार बंद झाले.

बाबा बसच्या मागे धावले. दहा पावले, वीस. “पुलावर चालूसुद्धा नका!” ते ओरडले. इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू गेले असेल तर देव जाणे.

चौकात बस थांबली. उजवीकडे हमरस्ता होता, रुंद, स्वच्छ; डावीकडे खाणीचा रस्ता. डावा दिवा लुकलुकू लागला.