बिनधुराचा माल

जुन्या टायरचा चुरा घातलेलं डांबर फार तापवावं लागतं, आणि त्याचा धूर छातीत जातो. आमच्या दादाच्या छातीत त्याने केव्हाच बिऱ्हाड थाटलं होतं. दादा डांबराच्या प्लांटवर बर्नर सांभाळायचा आणि खोकला आला की भिंत धरायचा. म्हणून मी हात धुऊन साहेबांच्या मागे लागलो आणि एक नवी पावडर मागवून घेतली. ती घातली की तेच डांबर कमी आचेवर मऊ होतं, धूर जवळजवळ होत नाही.

पहिला डंपर भरला. मालातून नुसती वाफ निघाली.

माल बघायला आलेला रोलरवाला म्हणाला, "थंड आहे हा. रस्त्यावर दबायचा नाही."

"तापमानाचा काटा बघ की, डोळे फुटलेत का," मी म्हणालो.

"काट्याला काय कळतंय," दादा म्हणाला. "जन्मभर धूर बघून माल सोडलाय मी."

मी डंपरबरोबर रस्त्याच्या कामावर जाऊन येईपर्यंत त्याने बर्नर वाढवला होता. पुढच्या खेपेला निळसर धूर उसळला, तेव्हा सगळ्यांचे चेहरे खुलले. दादा विजयी मुद्रेने माझ्याकडे वळला. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, पण त्याआधी त्याला भिंत धरावी लागली.