माहेर आठवणारी किडनी

हॉलमध्ये मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. मागचे पुढच्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभे होते. कारणही तसंच होतं. कळहरण महाराज आज किडनीला बोलतं करणार होते.

खुर्चीत बसले होते टेलरमास्तर. दोन वर्षांपूर्वी त्यांना धाकट्या बहिणीची किडनी बसवली होती. ती झकास चालली होती. पण गेले सहा महिने मानेपासून टाचेपर्यंत अंग असं ठणके, की सुईत दोरा ओवायचा तरी मास्तरांना आधी बोटांची मनधरणी करावी लागे. रिपोर्ट उत्तम येत, म्हणून डॉक्टरांजवळ ते गप्प. बहिणीने किडनी दिली, वर कुरकुर कुठल्या तोंडाने करायची?

महाराजांनी मास्तरांची पाठ दाबली. 'कुंईऽऽ' असं कुणीतरी रडलं. चौघांनी डोळे पुसले. मास्तर धरून पाच.

"परक्या घरी आलीय पोर," महाराज विरघळून म्हणाले, "माहेर आठवतंय तिला. तुमच्या गोळ्या तिचं तोंड दाबतात. सोडून द्या त्या पाण्यात, हाडन् हाड मोकळं होईल."

शरीराने ती किडनी परकी ठरवून नासवू नये, म्हणून तर त्या गोळ्या होत्या. पण दुखण्याने माणूस इतका पिचतो, की मास्तरांची गोळ्यांची डबी समोरच्या पाण्याच्या घंगाळावर आलीसुद्धा.

"दादा, थांब." धाकटी गर्दीतून वाट काढत आली. "महाराज, माझी पोर नक्की बसलीय कुठं?"

"ही काय." पाठ दाबली. कुंईऽऽ.

"दादा, तू आपल्या पँटला पुढून, उजव्या अंगाला दोन बोटं ढील का देतोस रे?"

मास्तरांचा हात आपसूक ओटीपोटाकडे गेला. नवी किडनी तिथे बसवली होती. पाठीतल्या दोन त्यांच्या स्वतःच्या, केव्हाच्या थकून निजलेल्या.

"ती फिरते," महाराज म्हणाले.

"माहेरी निघाली असेल," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हॉल खदखदून हसला.

मास्तरांचे डोळे आता शिंप्याचे झाले. रडणं बुडाखालून आलं होतं; उठून त्यांनी खुर्चीची उशी उलटी केली. चार इंच शिवण ताजी, हाताची, आणि वाकडी.

"ही टीप कुणी घातली?" त्यांनी विचारलं. फसवणुकीपेक्षा टीपच त्यांना जास्त झोंबली होती. खिशातल्या कात्रीने ती उसवली, तर आत रबरी बदकाची पिपाणी. महाराज पाठ दाबत, भार उशीवर येई, बदक रडे.

दुसऱ्या दिवशी धाकटीने दादाला डॉक्टरांपुढे बसवून सगळं वदवून घेतलं.

"दुखणं खरं आहे," डॉक्टर म्हणाले. "किडनी बसवलेल्या बऱ्याच जणांना होतं. सांगितलं का नाहीत?"

मग रक्त, हाडं, झोप, गोळ्या, सगळं तपासलं गेलं. एक औषध बदललं, रोजचा बेताचा व्यायाम ठरला. आपल्या मनाने वेदनाशामक घ्यायचं नाही, अशी ताकीद मिळाली; त्यातल्या काहींनी किडनीच बिघडते. निम्मं दुखणं गेलं, निम्मं आहे. पण दोरा पहिल्या फटक्यात ओवला जातो.

महाराज खोटे निघाले म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. दुखतंय तर डॉक्टरांना सांगा. ऐकलं नाही तर पुन्हा सांगा. आणि कुणी तुमच्या अवयवाशी गप्पा मारू लागला, तर तो अवयव आहे कुठं, एवढं आधी विचारा.