पाच डब्यांचं धुवण

"नोय क्रिस्पुलो, माझ्या कोंबड्या माजल्यात. तुमचा भात खाऊन अंडी घालायचं विसरल्यात," मी कुंपणावरून म्हणाले.

"मग कापून खा, सेन्या दाय." म्हाताऱ्याने भाताचं पातेलं माझ्या अंगणात उपडं केलं. रोजचंच होतं ते. आमच्याकडे वडीलधाऱ्याला 'नोय' म्हणतात आणि धाकट्या बाईला 'दाय'.

तीस वर्षं केळीच्या मळ्यात घड धुऊन खोक्यांत भरणारा हा माणूस. बायको फेलिसा तीन वर्षांपूर्वी गेली, तिन्ही मुलं दुबईला. लेकीने एकट्यापुरता भात होईल असा इवलासा कुकर पाठवला होता, तो खोक्यातच पडून होता.

"माणशी एक डबा पुरतो. एकटा जीव आणि पाच डबे तांदूळ? डोकं ठिकाणावर आहे ना?"

त्याने आंब्याच्या खोडाकडे बोट केलं. फेलिसाने तिथे वालिंग-वालिंग लावलं होतं, आमच्या आपो डोंगरावरचं ऑर्किड. त्याला माती चालत नाही. खोडाला काथ्याने बांधायचं, मुळं वाऱ्यावर सोडायची, सकाळचं ऊन आणि तांदळाचं धुवण द्यायचं. फेलिसा गेल्यापासून ते फुललं नव्हतं.

"ती पाच डब्यांचं धुवण घालायची. एका डब्याच्या धुवणाने मुळंसुद्धा भिजत नाहीत. वाळलं तर तिला काय सांगू?"

मला वाईट वाटलं. आमच्या घरात नऊ तोंडं, धुवण रोज मोरीत जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादलीभर धुवण त्याच्या दारात ठेवलं. "हे घ्या. आता तांदूळ नासवू नका."

त्याला नाही म्हणता येईना. झाडाला धुवण घालून तो आत गेला. खिडकीतून मला दिसत होतं. सवयीने त्याने पाच डबे पातेल्यात ओतले, मग चार परत पिंपात टाकले. उरलेल्या तांदळाने पातेल्याचा तळही झाकेना. मग कुकरच्या खोक्याची दोरी सोडायला बसला.

तेव्हा कळलं, मी काय अक्कल पाजळली होती ते. पाच जणांचा भात रांधायला त्याच्याकडे तेवढं एकच कारण होतं आणि ते मी हिरावून घेतलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी धुवण आमच्या पपईला ओतलं.

"नोय, धुवण सांडलं हो. यापुढे माझ्या भरवशावर राहू नका."

"तुझं हे असंच," तो पुटपुटला आणि मोठं पातेलं काढायला आत गेला.

दुपारी ते पातेलं कुंपणावरून आलं. एका कडेचा वाटीभर भात तेवढा कमी होता.