दुपारची उघडीप

नणंद-भावजयीचं सख्य विळ्या-भोपळ्याचं असतं म्हणतात. पण बहुतेकींना निदान संध्याकाळी एकमेकींचं तोंड चुकवता येतं. या दोघी एकाच इमारतीत नोकरीला होत्या.

खालच्या मजल्यावर विमानांचा नियंत्रण कक्ष होता. ध्रुवाकडच्या बर्फावरच्या तळांवर माणसं आणि सामान नेणारी विमानं इथून हलवली जात, आणि कक्षाची प्रमुख होती ताई. तिच्या सहीशिवाय चाक फिरत नसे. वरच्या मजल्यावर तिची भावजय बसायची, ढगांच्याही कितीतरी वर काय चाललंय ते रडारवरून बघत. सूर्यावरून वादळ सुटलं की खाली इशारा देणं हे तिचं काम. तिला ‘वादळवाली’ हे नाव ताईनेच ठेवलं होतं, चारचौघांत, हसत हसत. ते असं चिकटलं की दारावरचा रखवालदारही पाठीमागे तिला त्याच नावाने ओळखायचा.

दोघींच्या मधला माणूस म्हणजे छोटू. ताईचा धाकटा भाऊ आणि वादळवालीचा नवरा. चाळिशी ओलांडली, कानशिलं पांढरी झाली, तरी घरात तो छोटूच. जनित्रं दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. वर्षभरासाठी तो बर्फावरच्या तळावर गेला तेव्हा म्हणाला होता, “घरच्या कटकटीपेक्षा तिथली थंडी बरी.” त्याला वाटलं सगळे हसतील. कुणीच हसलं नाही.

आता त्याची आई इस्पितळात होती. हृदय थकलं होतं, फुप्फुसांत पाणी भरत होतं. डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं, “ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवा.” ताईने त्याच दिवशी तळावर विमान पाठवलं. ते तिथे उतरलं, इंधन भरलं, आणि सकाळी छोटूला घेऊन परत निघणार होतं.

त्याच सकाळी वादळवाली जिना उतरून खाली आली. नियंत्रण कक्षात ती सहसा पाऊल टाकत नसे, इशारे फोनवर देत असे. तिला बघून टेबलांवरची कुजबूज थांबली.

“विमान आत्ता सोडू नका,” ती म्हणाली.

ताईने मान वर केली नाही. “कुठलं?”

“तुम्हाला माहीत आहे कुठलं.”

“तू सांग ना. सगळ्यांना ऐकू दे.”

आवाज चढले तसे मोठे साहेब आपल्या खोलीतून बाहेर आले. ते इमारतीचे मुख्य. दोघींच्या भांडणाला ते इतके कंटाळले होते की दोघी एका खोलीत दिसल्या तरी त्यांचं डोकं दुखायला लागे. “काय झालं, थोडक्यात सांगा,” ते म्हणाले.

वादळवालीने सांगितलं. फार उंचावर, जिथे हवा जवळजवळ नसतेच, तिथे उन्हाने अणू फुटून विद्युतभारित कण होतात. त्या थराला प्लाझ्मा म्हणतात. एरवी तो उजेडाच्या बाजूला दाट असतो आणि अंधाराच्या बाजूला विरळ. पण सूर्याकडून आलेलं वादळ पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला भिडलं की उजेडाच्या बाजूचा दाट प्लाझ्मा ओढला जातो आणि थेट ध्रुवावरून पलीकडच्या अंधारात घुसतो, सेकंदाला किलोमीटरभर वेगाने. वाटेत त्याचे तुकडे पडतात. शेकडो किलोमीटर रुंदीचे तुकडे, एकामागून एक.

“आज पहाटेपासून ते चाललंय,” ती म्हणाली. “विमानाची वाट त्या लोंढ्याच्या बरोबर खालून जाते. रेडिओचा आवाज त्याच थरावर आपटून आपल्यापर्यंत येतो. थरच असा फाटलाय, तर आवाज कुठे जाईल सांगता येत नाही. उपग्रहाचा फोन तुटेल. जागा दाखवणारी यंत्रं चुकतील. आणि इंधनासाठी वाटेतल्या मधल्या धावपट्टीवर त्यांना ध्रुवाकडच्या काळोखात उतरायचंय.”

“कॅप्टन वीस वर्षं ही वाट उडतोय,” ताई म्हणाली.

“आजची वाट नाही ना उडलेला.”

“साहेब, हिला विचारा, माझी आई किती दिवसांची सोबतीण आहे ते. आणि हेही विचारा की हिने आईला इस्पितळात एकदा तरी पाणी पाजलंय का.”

मोठ्या साहेबांनी डोळे मिटले. मग म्हणाले, “विमान थांबवा. इशारा असताना सोडलं आणि काही झालं तर उत्तर मला द्यावं लागेल.” आणि ते निघून गेले. त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला बैठक होती.

ते गेल्यावर ताई उठली आणि भावजयीच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली. “उगवलास सूड,” ती हळू आवाजात म्हणाली. “मरणाऱ्या बाईवर.”

सूड कशाचा, हे दोघींनाही ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी वादळवाली रडारच्या कामासाठी लांब गेली होती आणि तिथेच तिचं पोटातलं मूल गेलं. परत आल्यावर ती पलंगावर पडलेली असताना सासूबाई भेटायला आलेल्या बायकांना म्हणाल्या होत्या, “आता यंत्रांचीच पिलं सांभाळ म्हणावं.” भिंतीला टेकून ताई उभी होती. ती हसली होती. ताई म्हणायची, मी हसलेच नव्हते. वादळवालीने ते हसू डोळ्यांनी पाहिलं होतं.

थोड्या वेळाने तळावरून येणारा नेहमीचा निरोप आलाच नाही. रेडिओवर बसलेल्या माणसाने एक वाहिनी लावली, दुसरी लावली, आवाज वाढवला. नुसती खरखर. मध्येच कुणाचंतरी अर्धं वाक्य, पाण्याखालून बोलल्यासारखं, आणि पुन्हा खरखर. कक्षातल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. इशारा खरा होता. विमान सोडलं असतं तर या वेळेला ते काळोखात, मुकं आणि बहिरं होऊन उडत असतं.

ताईने ते ऐकलं आणि तिच्या नाकाला आणखीच मिरच्या झोंबल्या. चूक असती तर भावजयीला झोडता आलं असतं.

वर वादळवाली पडद्यापुढून हलली नव्हती. रडारच्या नकाशावर ध्रुवावरून जाणारे बाण जाड लाल होते. पण लोंढा कायम टिकत नाही हे तिला माहीत होतं. सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्याचं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल तोवर तो ओढला जातो. उत्तरेकडे वळलं की त्याचा जोर तुटतो. पृथ्वीच्या पुढे, सूर्याच्या दिशेला, एक यान ते क्षेत्र मोजत असतं आणि तासभर आधी कळवतं. जेवायच्या सुमाराला त्या यानाची रेघ शून्याच्या वर चढली आणि वरच राहिली. पुढच्या तासाभरात बाण लहान झाले. मग पिवळे, मग निळे. ध्रुवाच्या मधोमध तर प्रवाह उलटा फिरू लागला. आधीचे तुकडे पांगत होते आणि मागून नवे येत नव्हते.

तिने आकडे पुन्हा तपासले. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला बोलावून त्यालाही बघायला लावलं. “उघडीप आहे,” तो म्हणाला. “चार तास, कदाचित पाच. संध्याकाळी दुसरा तडाखा येईल.”

मधल्या धावपट्टीपर्यंत पोचायला तेवढे पुरे होते. त्यापुढची वाट वादळाच्या टापूबाहेर होती. ती धावतच जिना उतरली.

“आता सोडा,” ती म्हणाली. “लगेच. प्रवाह तुटलाय. तळाला रेडिओ लावून बघा, लागेल.”

रेडिओवरच्या माणसाने लावला. लागला. कॅप्टनचा आवाज स्वच्छ आला, “आम्ही तयार आहोत. सोडताय का?”

सगळे ताईकडे बघू लागले. ताई इस्पितळातून आलेला फोन नुकताच ठेवत होती. तिचे डोळे लाल होते.

“सकाळी थांबवा, दुपारी सोडा,” ती म्हणाली. “आणि संध्याकाळी?”

“संध्याकाळी पुन्हा वादळ आहे. म्हणूनच आत्ता म्हणतेय.”

“म्हणजे तो हवेत असताना वादळ येणार.”

“नाही. तोवर तो खाली उतरलेला असेल.”

“आणि उशीर झाला तर? इंजिनाने त्रास दिला तर? वारा समोरून आला तर?” ताईचा आवाज कापत होता. “तू सकाळी म्हणालीस तो मरेल. आता म्हणतेस जाऊ दे. कशावर विश्वास ठेवू? तुला तो परत यायला हवाय तरी का?”

रेडिओवरच्या माणसाने कॅप्टनला थांबायला सांगितलं.

“तुमचा भाऊ आहे,” वादळवाली म्हणाली, “तसा माझाही कुणीतरी आहे.”

“तुझा कुणी असता तर बर्फात गेला नसता.”

उड्डाणाच्या परवानगीचा कागद टेबलावर होता, पेन त्याच्या शेजारी. ताईने पेन उचललं, खणात टाकलं आणि खण बंद केला. “कॅप्टनला सांगा, उद्या.”

वादळवाली क्षणभर तिथेच उभी राहिली. मोठे साहेब बैठकीत होते, पण त्यांचा फोन चालू होता. त्यांचा नंबर तिला पाठ होता. एका शब्दाने त्यांनी ताईचा निर्णय फिरवला असता. ती वळली आणि जिना चढून आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. दुपारभर पडद्यावरचे निळे बाण बघत राहिली. उघडीप चारच्या जागी पाच तास टिकली.

संध्याकाळी बाण पुन्हा लाल झाले. तेव्हा ती उठली आणि इस्पितळात गेली. का गेली ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. ताई औषधं आणायला बाहेर गेली होती. सासूबाई उशांच्या उतरंडीला टेकून बसवलेल्या होत्या, नाकाला प्राणवायूची नळी. त्यांनी डोळे उघडले आणि तिला ओळखलं.

“तू अडवलंस त्याला,” त्या म्हणाल्या. दर शब्दाला त्यांना थांबावं लागत होतं.

“उद्या येतील, आई.”

“उद्या.” म्हातारीने तो शब्द थुंकल्यासारखा उच्चारला. “तुझ्याकडे बघायला नको मला.” आणि त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

वादळवाली तरीही खुर्चीवर बसून राहिली. ताई आली, तिला बघितलं आणि दार उघडं धरून उभी राहिली. वादळवाली त्या दारातून बाहेर पडली. उजाडायच्या आत सासूबाई गेल्या.

छोटू दोन दिवसांनी पोचला. तोवर सगळं उरकलं होतं. आईच्या घरात कपाटं उघडी होती, चादरींचे गठ्ठे बांधलेले. ताई आणि वादळवाली दोन खोल्यांत दोन कामं करत होत्या. तो अंगावरचा जाड कोटही न काढता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला. बर्फाने त्याचे गाल सोलले होते.

“मी दुपारी विमानात बसलो होतो,” तो म्हणाला. “पट्टा बांधून. कॅप्टन तुमच्याशी बोलला ते मी कानांनी ऐकलं. आवाज शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ. कुणी थांबवलं?”

“हिने,” ताई म्हणाली.

“सकाळी मी,” वादळवाली म्हणाली. “दुपारी त्यांनी.”

छोटू बहिणीकडे बघत राहिला. ताईने आधी ओठ घट्ट मिटले, मग एकदम फुटली. “हो, मी! मला भीती वाटली! आई जात होती, तूही गेला असतास तर? हिच्या शब्दावर तुला हवेत सोडायचं? जी आईला पाण्यात पाहायची, तिच्या शब्दावर?”

“सकाळचा तिचा शब्द खरा ठरला होता, ताई.”

“म्हणूनच!” ताई ओरडली.

छोटू बायकोकडे वळला. “साहेबांना फोन का नाही केलास?”

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. ती खोटं बोलू शकली असती, साहेब बैठकीत होते म्हणून. ताईही ऐकत होती.

“तुझा कुणी असता तर बर्फात गेला नसता, असं त्यांनी सगळ्यांसमोर मला म्हटलं,” ती म्हणाली. “मला वाटलं, राहू दे मग. गरज त्यांना आहे. आई त्यांची आहे.”

“आई माझीही होती.”

“हो.”

“हे तुला तेव्हा आठवलं नाही?”

“आठवलं,” ती म्हणाली. “तरी बसून राहिले.”

ताईच्या तोंडातून एक आवाज निघाला, हसण्यासारखा. छोटूने तिच्याकडे असं पाहिलं की तो आवाज तिथेच थिजला. मग छोटू उठला, कोटाची बटणं लावली आणि बाहेर पडला. दोघींपैकी कुणीही त्याला थांबवलं नाही.

तो एका मित्राकडे राहिला आणि पुढच्या महिन्यात बंदरावरच्या एका कारखान्यात कामाला लागला. दोघींनाही त्याने नवा पत्ता दिला. दोघींकडेही तो गेला नाही. मोठ्या साहेबांनी नियम बदलला: इशारा आला किंवा उठला तर तो थेट त्यांच्याकडे जाणार, कुणा एकीच्या सहीवर विमान अडणार नाही. ताईला ते झोंबलं आणि तिने बदली मागितली, पण मिळाली नाही.

अजूनही कधी कधी लिफ्टमध्ये दोघींची गाठ पडते. परवा पडली तेव्हा ताई दाराकडे बघतच म्हणाली, “मी हसले नव्हते त्या दिवशी.”

“तुम्ही हसला होतात,” वादळवाली म्हणाली.

लिफ्ट थांबली. ताईचा मजला आला आणि ती उतरून गेली.